नवजात अर्भकाची नोंद : जव्हार-मोखाड्यातील बालमृत्यू आणि अपुऱ्या साधनांतील उपचारांचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बालमृत्यूंच्या चर्चेत ‘जव्हार-मोखाडा’ हे जोडनाव गेल्या तीन दशकांपासून रूढ झाले आहे. वृत्तपत्रे, विधिमंडळातील चर्चा, न्यायालयीन याचिका आणि स्वयंसेवी संस्थांचे अहवाल या सर्वांत या जोडनावाशी एक शब्द कायमचा निगडित झालेला दिसतो. तो म्हणजे ‘कुपोषण’. या शब्दामुळे एका उपेक्षित भागाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले, हे त्याचे ऐतिहासिक श्रेय नाकारता येणार नाही. परंतु याच शब्दाच्या छायेत बालकांचा एक गट बराच काळ दिसेनासा झाला. जन्मापासून २८ दिवसांच्या आतील नवजात अर्भकांचा हा गट होय.

अन्न पुरेसे न मिळाल्याने दोन-तीन वर्षांचे मूल खंगते, त्याला महिने लागतात. नवजात अर्भक मात्र श्वास, ऊब, दूध आणि जंतुसंसर्ग या चार बाबींपैकी एकीतही उणे पडले तर काही तासांत दगावते. मृत्यू दोन्ही ठिकाणी होतो. कारणे, काळ आणि उपाय भिन्न असतात. मृत्यूला जे नाव दिले जाते त्यावरून उपाय ठरतो आणि नाव चुकले की उपायही चुकीच्या वयाच्या मुलाकडे जातो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्या दृष्टीने जव्हार व मोखाडा या तालुक्यांची ऐतिहासिक पार्श्वभूमी, १९९२ ची घटना, अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयांतून विकसित झालेले नवजात उपचारांचे ज्ञान आणि शासकीय धोरणातील स्थित्यंतर यांचा येथे क्रमाने आढावा घेतला आहे.

१. दोन राजवटी आणि नोंदीबाहेरचे मूल

आज एका दमात उच्चारले जाणारे हे दोन तालुके स्वातंत्र्यापूर्वी दोन वेगळ्या राजवटींखाली होते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. मोखाडा हा ब्रिटिश अमलाखालील ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा होता. १९४८ साली जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दोन्ही भाग ठाणे जिल्ह्यात एकत्र आले. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यावर ते त्या जिल्ह्याचे तालुके झाले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर व कातकरी या समाजांची येथे प्रामुख्याने वस्ती आहे. डोंगरउतारावरील विखुरलेले पाडे, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा आणि नाचणी-वरई व भातावर चालणारी कोरडवाहू शेती हे या प्रदेशाचे स्वरूप आहे.

या राजकीय विभागणीचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात देशाच्या आरोग्यस्थितीचे चित्र मांडताना १९३७ सालचा अर्भकमृत्युदर हजारी १६२ असा दिला. हा आकडा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. संस्थानी प्रदेशातील मूल त्यात मोजले गेलेले नव्हते. म्हणजे जव्हारच्या पाड्यावर जन्मलेले मूल राष्ट्रीय आकडेवारीत गृहीतच धरलेले नव्हते. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ साली झाला. मात्र घरी जन्मून तिसऱ्या दिवशी घरीच दगावलेल्या मुलाचा जन्म आणि मृत्यू असे दोन्ही दाखले नोंदवण्यासाठी डोंगर उतरून कोण जाणार? असे मूल एक तर नोंदलेच जात नाही किंवा ‘उपजत मृत’ या सदरात ढकलले जाते. क्षणभर का होईना ज्याने श्वास घेतला, त्याला उपजत मृत म्हटले की जन्माचीही नोंद उरत नाही आणि मृत्यूचीही.

लेखी नोंदी नसतील तेथे इतिहासाच्या अभ्यासकाला परंपरेकडे वळावे लागते. महाराष्ट्रातील बहुसंख्य समाजांत जन्मानंतर पाचव्या वा सहाव्या दिवशी सटवीचे पूजन होते. ती रात्र जोखमीची मानली जाते आणि बाळ-बाळंतिणीजवळ जागरण केले जाते. नाळेतून होणारा धनुर्वात साधारणतः जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत प्रकट होतो, ही वैद्यकीय माहिती या विधीशेजारी ठेवली तर आजीच्या पिढीने पहिल्या आठवड्याचे भय विधीच्या रूपाने जपून ठेवले होते, असा अर्थ लावता येतो. नवजात मृत्यूचा दिवस समाजाच्या स्मृतीत होता, शासनाच्या दप्तरात मात्र तो नव्हता. (पुढे गरोदर मातांचे लसीकरण व स्वच्छ प्रसूती यांमुळे या रोगाचे उच्चाटन साध्य झाले आणि २०१५ साली भारताला तशी मान्यता मिळाली.)

२. सन १९९२ : एकाच जिल्ह्यातील दोन घटना

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. त्या वेळी सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री होते. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर हे घडावे याचा धक्का मोठा होता. त्यातूनच पुढे जव्हार येथे अतिरिक्त जिल्हाधिकारी कार्यालय आले. १९९५ साली आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना सुरू झाली. या योजनेखाली भरारी पथके, मानसेवी वैद्यकीय अधिकारी, दायांच्या बैठका, गरोदर मातांसाठी मातृत्व अनुदान आणि पावसाळ्यापूर्वी धान्य पोहोचवण्याची व्यवस्था अशा उपायांची एकत्रित आखणी झाली. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले, तर २०१५ पासून अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देण्यास प्रारंभ झाला.

या उपायांची दिशा पाहता त्यांचा मोठा भाग आहाराशी संबंधित असल्याचे दिसून येते. ते स्वाभाविकही होते, कारण सार्वजनिक चर्चेने प्रश्नाला दिलेले नाव ‘कुपोषण’ हेच होते. वावर-वांगणीचे आकडेही ‘बालके’ या एकाच शब्दाखाली लोकांसमोर आले. पाच दिवसांचे मूल आणि पाच वर्षांचे मूल त्या शब्दात सारखेच होते.

त्याच वर्षी, त्याच तत्कालीन ठाणे जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडली होती. तिची बातमी मात्र झाली नाही. डॉ. एस. आर. डागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी डहाणू येथील ग्रामीण नवजात सेवेचा अनुभव ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात १९९२ साली प्रसिद्ध केला. महागड्या यंत्रांवाचून, साध्या उपायांनी नवजातांची काळजी ग्रामीण भागातही घेता येते, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. याचाच अर्थ, जव्हारच्या मुलांसाठी राज्य शोक करीत असता नवजातांविषयीचे उपयुक्त ज्ञान त्याच जिल्ह्यात तयार होत होते. एक घटना शासनाच्या धोरणात गेली, दुसरी वैद्यकीय ग्रंथालयात राहिली. प्रस्तुत लेखकाच्या मते या भागाच्या बालआरोग्याच्या इतिहासातील ही सर्वांत विचार करण्याजोगी विसंगती आहे.

३. अभावातून निर्माण झालेले वैद्यकीय ज्ञान

लहान रुग्णालयातील उपचार म्हणजे मोठ्या रुग्णालयातील उपचारांची स्वस्त व दुय्यम आवृत्ती, असा एक समज प्रचलित आहे. नवजातशास्त्राचा इतिहास या समजाला पुष्टी देत नाही. नवजातांच्या नेहमीच्या आजारांचा क्रमाने विचार केल्यास हे स्पष्ट होईल.

जन्मतः श्वास न घेणे हा पहिला धोका. अमेरिकेतील डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ साली जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटातील पाच लक्षणांवरून अर्भकाची स्थिती मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिला कोणतेही उपकरण लागत नाही. पाहणारे डोळे आणि घड्याळ पुरेसे असते. न रडणाऱ्या मुलाला कोरडे करून, पाठ चोळून, तरीही श्वास सुरू न झाल्यास हाताने दाबावयाच्या पिशवीने व मुखवट्याने हवा देणे हा उपाय पहिल्या मिनिटातच करावा लागतो. ही पिशवी कोणत्याही प्रसूतिगृहाला परवडणारी आहे. ती हाताशी असणे आणि परिचारिकेचा हात सरावलेला असणे, यांवर मुलाचे जगणे अवलंबून असते.

दुसरा धोका थंडावण्याचा. अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे मूल अंगातील उष्णता धरून ठेवू शकत नाही. पॅरिसमध्ये १८८० च्या सुमारास स्तेफान तार्निए यांनी उबवण पेटीचा वापर सुरू केल्यापासून ‘ऊब म्हणजे पेटी’ असे समीकरण रूढ झाले. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्या रुग्णालयात पेट्या अपुऱ्या होत्या. एका पेटीत एकाहून अधिक मुले ठेवावी लागत आणि संसर्ग पसरत असे. तेव्हा त्यांनी मुलाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे बांधून ठेवण्यास सुरुवात केली. ‘कांगारू मातृसेवा’ या नावाने ती पद्धत जगभर गेली. अनेक वर्षे तिच्याकडे पेटी नसलेल्यांचा पर्याय म्हणूनच पाहिले गेले. मात्र भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेने समन्वय केलेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मानंतर लगेच ही सेवा मिळालेल्या कमी वजनाच्या मुलांपैकी १२ टक्के, तर प्रचलित पद्धतीने स्थिर झाल्यावर ती मिळालेल्यांपैकी १५.७ टक्के मुले पहिल्या २८ दिवसांत दगावल्याचे आढळले. अभावातून निघालेला उपाय संपन्न रुग्णालयांनीही स्वीकारावा, असा हा निष्कर्ष होता.

तिसरी बाब दुधाची. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. परिचारिका थोड्या आणि अर्भके पुष्कळ अशा सार्वजनिक रुग्णालयात आईलाच काळजीच्या केंद्रस्थानी आणणे, ही त्यामागील दृष्टी होती. ओढून पिण्याची शक्ती नसलेल्या मुलाला आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने वा बोंडल्याने पाजणे, ही गोष्ट आपल्याकडील घरांना नवी नाही. रुग्णालयाने तिला वेळेचे व मापाचे शास्त्र दिले एवढेच.

कावीळ हा चौथा नेहमीचा आजार. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ साली वॉर्ड नावाच्या परिचारिकेला उन्हात ठेवलेल्या मुलाच्या अंगाचा उघडा भाग कमी पिवळा दिसला. त्या निरीक्षणातून प्रकाशोपचार जन्मला आणि १९५८ साली तो वैद्यकीय जगासमोर आला. एका परिचारिकेचे निरीक्षण, हेच त्याचे मूळ. मात्र हा उपचार विजेवर चालतो. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. अशा काळात निळ्या दिव्याइतकेच महत्त्व जनित्राला व त्याच्या डिझेलला होते. कोवळ्या उन्हात मूल धरणे हा तीव्र काविळीवरचा उपाय नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. पहिल्या २४ तासांत दिसणारी किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ रुग्णालयातच न्यावी लागते.

पाचवा आणि सर्वांत घातक आजार जंतुसंसर्गाचा. येथे महाराष्ट्राने जगाला दिलेला धडा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात सेवा सुरू केली आणि ४७ गावांशी तिची तुलना केली. तेथील ७६३ नवजातांच्या निरीक्षणात ५४ टक्के मुलांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली केवळ २.६ टक्के मुलांना. अंगावर दूध ओढणे थांबणे, रडणे क्षीण होणे, अंग थंड वा गरम लागणे, हातपाय ढिले पडणे, छाती आत ओढली जाणे अशी लक्षणे ओळखण्यास गावातीलच स्त्रीला शिकवले गेले. पालकांच्या संमतीने जेंटामायसीनचे इंजेक्शन व तोंडावाटे प्रतिजैविक देण्यासही तिला तयार केले गेले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदरात तुलनात्मक ६२ टक्के घट झाली. जंतुसंसर्ग झालेल्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

या पाचही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. यंत्राच्या आधी माणूस येतो आणि माणसाच्या हाताशी वेळ असावा लागतो. तथापि याचा विपर्यास होऊ नये. साधे उपाय पुरेसे आहेत म्हणून जव्हारच्या रुग्णालयाला बालरोगतज्ज्ञ नको किंवा प्राणवायू नको, असा युक्तिवाद कोणी करील तर तो अन्यायाचे समर्थन ठरेल. फार कमी वजनाची, श्वसनाचा तीव्र त्रास असलेली वा झटके येणारी मुले साध्या उपायांनी वाचत नाहीत. त्यांना वरच्या रुग्णालयाची गरज असते. साधे उपाय बहुसंख्यांना वाचवतात आणि त्यामुळेच उरलेल्या थोड्यांसाठी तज्ज्ञांचा वेळ मोकळा होतो, असा त्यांचा परस्परसंबंध आहे.

४. धोरणाच्या पटलावर नवजात अर्भक

नवजात अर्भक धोरणात उशिरा आले. त्यास दोन प्रकारच्या पुराव्यांनी गती दिली. पहिला पुरावा नोंदींचा. महाराष्ट्रातील तेरा संस्थांनी एकत्र येऊन २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. राज्यात दरवर्षी सुमारे १ लाख ७५ हजार बालमृत्यू होत असल्याचा त्यांचा अंदाज होता आणि सरकारी नोंदींत त्यांतील बहुतेक मृत्यू दिसतच नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. दुसरा पुरावा रुग्णालयांचा. पश्चिम बंगालमधील पुरुलिया या मागास जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात २००३ साली विशेष नवजात काळजी कक्ष सुरू झाला आणि तो पुढे देशासाठी नमुना ठरला.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना आल्या. २०११ साली जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूती व आजारी नवजातांचे सरकारी रुग्णालयातील उपचार, औषधे व वाहतूक निःशुल्क केली. त्याच वर्षी रुग्णालयीन नवजात सेवेची त्रिस्तरीय रचना निश्चित झाली : प्रत्येक प्रसूतिस्थानी नवजात कोपरा, मधल्या रुग्णालयात स्थिरीकरण कक्ष आणि मोठ्या रुग्णालयात विशेष काळजी कक्ष. गडचिरोलीच्या धर्तीवर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीही त्याच वर्षी देशभर सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या मुलासाठी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा आणि घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची धरून सात भेटी ठरल्या. २०१४ साली महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्याने २०३० पर्यंत नवजात मृत्युदर एक अंकी करण्याचे ध्येय ठेवले.

२०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर हजारी १६ व नवजात मृत्युदर ११ होता. एका वर्षाच्या आत दगावणाऱ्या दर सोळा मुलांपैकी अकरा पहिल्या २८ दिवसांतच जातात, असा याचा अर्थ होतो. एकूण मृत्यू जसजसे घटतात तसतसा नवजातांचा वाटा वाढतो, कारण मोठ्या मुलांना लस, जलसंजीवनी व आहार मिळू लागलेला असतो. राज्याची सरासरी ही मात्र सपाट प्रदेश व शहरे मिळून बनते. डोंगरातील पाडा त्या सरासरीत विरून जातो.

५. अंतर, पाऊस आणि स्थलांतर

जव्हार येथील पतंगशाह कुटीर रुग्णालय हा या परिसराचा मुख्य वैद्यकीय आधार आहे. मोखाड्यास ग्रामीण रुग्णालय आहे आणि खोडाळ्यासारख्या ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. याहून वरच्या उपचारांसाठी घाट ओलांडून सुमारे ८० कि.मी. वरील नाशिक किंवा त्याहून दूरचे ठाणे-मुंबई गाठावे लागते. थंडावलेले, दूध न ओढणारे मूल या प्रवासात कसे टिकणार, हा येथील नवजात उपचारांचा खरा प्रश्न आहे. म्हणूनच निघण्यापूर्वी मूल उबदार करणे, त्याला दूध वा साखरेचे द्रावण पोहोचवणे, प्रतिजैविकाची पहिली मात्रा देणे आणि वाहनात त्याला आईच्या छातीशी बांधूनच पाठवणे, या चार गोष्टी लहान रुग्णालयात सर्वाधिक मोलाच्या ठरतात.

त्याआधीचे अंतर मात्र पाड्यापासून रस्त्यापर्यंतचे असते. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील बोटोशी परिसरातील एका पाड्यावर सातव्या महिन्यातच घरी प्रसूती होऊन जुळी मुले दगावली आणि अतिरक्तस्राव होणाऱ्या मातेला डोलीतून रस्त्यापर्यंत न्यावे लागले. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या दिवसांत ही बातमी आली. या दोन मुलांना आहार योजना वाचवू शकली नसती आणि मोखाड्यातील उत्तम नवजात कोपराही नाही, कारण ती तेथवर पोहोचलीच नसती. रस्ता हाही नवजात उपचाराचाच भाग असतो, हे या घटनेने दाखवले. दुर्गम भागातील गरोदर स्त्रियांनी अखेरच्या दिवसांत आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे यासाठीची ‘माहेरघर’ योजना याच जाणिवेतून आली. परंतु घरी इतर लेकरे, गुरे आणि आवणीचा हंगाम टाकून येणे सोपे नसते आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती तर तारीख सांगून येत नाही.

तिसरी अडचण स्थलांतराची. भाताची कापणी आटोपली, दिवाळी सरली की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीवर जन्मलेले मूल गावच्या आशेच्या यादीत नसते आणि भट्टीजवळच्या आशेला ते परके असते. संस्थानी काळात जे मूल राजवटींच्या सीमेमुळे नोंदीबाहेर राहिले, ते आता कार्यक्षेत्राच्या सीमेमुळे नोंदीबाहेर राहते.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, जव्हार-मोखाड्यातील बालमृत्यूंना ‘कुपोषण’ या एकाच नावाने ओळखल्यामुळे नवजात अर्भकाचा प्रश्न दीर्घकाळ झाकला गेला. मातेचे कुपोषण हे कमी वजनाच्या जन्मामागचे एक महत्त्वाचे कारण आहे, म्हणून आहार योजना आवश्यकच आहेत. मात्र जन्मलेल्या कमी वजनाच्या मुलाला त्या दिवशी लागते ती ऊब, श्वास, दूध आणि संसर्गावरची वेळेवरची मात्रा. दुसरा, या गोष्टी अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयाला शक्य आहेत, हे डहाणू, शीव, गडचिरोली व बोगोटा येथील अनुभवाने सिद्ध झाले आहे. ज्ञानाची उणीव हे येथील मृत्यूंचे कारण राहिलेले नाही. ज्ञान पाड्यापर्यंत पोहोचण्यातील विलंब हे कारण आहे. तिसरा, मृत्यूची नोंद वयाच्या दिवसांसह व कारणासह होत नाही तोवर हा विलंब दिसणार नाही आणि जो दिसत नाही तो दूरही होणार नाही.

या तिसऱ्या निष्कर्षात आपणा अध्यापकांसाठी काम आहे. सुईणपण केलेल्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी, भरारी पथकांतून फिरलेल्या डॉक्टरांचे अनुभव, आरोग्य केंद्रांतील जुन्या नोंदवह्या ही या प्रदेशाच्या इतिहासाची साधने आहेत आणि ती वेगाने नष्ट होत आहेत. इतिहास, समाजशास्त्र व विज्ञान विभागांनी मिळून, कुटुंबांची खाजगी माहिती जपून, ती संकलित करावीत. आपल्या वर्गात बसणारे पाड्यांवरचे विद्यार्थी हे काम आपल्यापेक्षा चांगले करू शकतील, कारण ती बोली व ती वाट त्यांच्या परिचयाची आहे. बारसे होण्याआधीच गेलेल्या मुलाला नाव नसते. त्याचा दिवस आणि त्याचे कारण तरी लिहिले जावे, एवढी अपेक्षा इतिहासाकडून करणे गैर ठरू नये.